मैनुद्दीनभाईंच्या डोक्यातलं फिटिंग

नारायण पेठेतले प्लंबर मैनुद्दीनभाई कुणाचाही नळ खोलला की आधी गरजणार, “हे काम कुठल्या गाढवानं केलंय?” आमच्याकडचं काम त्यांचंच होतं, हे मी चारदा सांगून पाहिलं. ऐकतील तर शपथ!

मध्यंतरी चक्कर आली म्हणून त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. त्यांच्या पत्नी सिताराभाभी सोबत होत्या, त्यांनीच मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “मेंदूला रक्त पुरवणारी डावी धमनी उजवीपेक्षा बारीक आहे. जन्मजात आहे, पुष्कळांची असते. चक्कर उपासामुळे आली.”

मैनुद्दीनभाई सवयीनं गरजले, “हे काम कुठल्या...” आणि त्यांनी झटकन दोन्ही कान पकडले. “तोबा, तोबा!”

काल त्यांनी आमचा गळका नळ खोलला, आत पाहिलं आणि हळूच म्हणाले, “काम चांगलं केलंय हो.”

मी घाबरून सिताराभाभींना फोन लावला.