काठाचं पाणी

शेवटच्या दिवशी चिंधाचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. आमच्या कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. जेवायची सुट्टी झाली की आम्ही सगळ्या बाया आधी गेटवर पळतो, मग डबा उघडतो. मी भाकरीचा घास घेतला आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"आक्का, हे बघ. ऋषिकेश. हा झुलता पूल. हलतो बरं का."

चिंधा माझा धाकटा भाऊ. नवनाथ आणि संजू हे त्याचे दोस्त, तिघं एकाच कंपनीत धाग्याच्या मशीनवर. त्यांची कंपनी मेंटेनन्सला सहा दिवस बंद होती म्हणून तिघं वापीहून गाडी पकडून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुठे फिरायला गेला तो. नाहीतर सिल्वासा ते गाव, गाव ते सिल्वासा.

"संजू पुलावर मधे जाऊन खालीच बसला," चिंधा हसून सांगत होता. "आजूबाजूच्या बाया हात धरून पलीकडे घेऊन गेल्या."

मागून संजू ओरडला, "आक्का, खोटं बोलतो हा. माझी चप्पल सुटली होती."

"चप्पल सुटली म्हणून डोळे कशाला मिटले रे?"

मी पण हसली. सकाळपासून त्यांनी घाट बघितला, पुरी-भाजी खाल्ली, तेजूसाठी लाल मण्यांची माळ घेतली. तेजू म्हणजे त्याची पोरगी, चार वर्षांची. आता नदीवर खडकांवर बसणार म्हणे. मी म्हटलं, "कॅन भरला का?"

"भरतो ना."

"काठाचं आणू नको. काठाला घाण राहते. जरा आतलं आण."

"आक्का, तुला टँकरच पाठवतो."

"मस्करी करू नको. सगळ्या चाळीला द्यायचंय ते."

"बरं बरं, आतलं आणतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हे एवढंच बोलणं झालं. मीच म्हटलं होतं, आतलं आण.

आमच्याकडे गंगेवरून कोणी आलं की गंगापूजन करतात. पाण्याची पूजा करायची, लोकांना जेवायला घालायचं, प्रत्येकाच्या हातावर चमचाभर पाणी द्यायचं. आमच्या आईची फार इच्छा होती, गंगेला जायचं. ती तशीच गेली मागच्या साली. मग मी ठरवलं, चिंधा जातोय तर पाणी येईल, तिच्या नावानं पूजा घालू. मीच पाच लिटरचा पांढरा कॅन धुऊन त्याच्या बॅगेला बांधून दिला. संजू तेव्हा पण चिडवत होता, "बायको रुद्राक्ष मागते, बहीण पाणी मागते, तू हमाल आहेस का रे?" आणि काठाचं नको असं मी का म्हटलं, तर आम्हाला नदी म्हणजे राखोलीची दमणगंगा माहीत. रविवारी आम्ही तिथे गोधड्या धुवायला जातो. काठाला फेस, निर्माल्य, पिशव्या. दोन पावलं आत गेलं की चांगलं पाणी. मला वाटलं सगळीकडे तसंच.

सुट्टी संपली, फोन गेटवर देऊन मी पॅकिंगला गेली. धागा गुंडाळलेले कोन खोक्यात भरायचं काम आहे माझं. तीन वाजता वॉचमन आत आला. तो आत कधी येत नाही.

"अलकाबेन, आपका फोन बंद ही नहीं हो रहा. जल्दी आइए."

संजू होता. म्हणाला, "आक्का, चिंधा दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? गर्दीत चुकला का?"

"पाण्यात होता."

मी काय विचारलं माहितेय? मी विचारलं, "कॅन कुठे आहे?"

मी परत विचारलं. संजूनं फोन कापला. आजूबाजूच्या बायांना वाटलं हिला वेड लागलं, भाऊ पाण्यात आणि ही कॅन विचारते. पण मला तेव्हापासून एकच पाहिजे होतं. तो आपला पोहायला म्हणून गेला का माझ्या कॅनसाठी गेला, तेवढं कोणीतरी सांगा.

डोकमर्डीला, आमच्या चाळीत, घरी आली. आमच्या खोल्या लागून आहेत, माझी आणि चिंधाची. दुर्गा, त्याची बायको, दारातच बसली होती. तिला नवनाथचा फोन येऊन गेला होता. मी तिला म्हटलं, "पोहतो तो. गावाला तापीत शिकला, दमणगंगा आरपार करतो. खाली कुठेतरी बाहेर निघाला असेल. मोबाईल भिजला असेल. माझा नंबर त्याला पाठ आहे, कोणाच्या तरी फोनवरून करेल बघ."

ती म्हणाली, "हो आक्का."

पाच वाजता अनोळखी नंबर आला. मी उचलला आणि ओरडली, "चिंधा! कुठे आहेस रे तू? जीव गेला ना आमचा!" तिकडून एक बाई रिचार्जची स्कीम सांगायला लागली. ऐकतच राहिली मी. वाटलं बोलता बोलता मधेच तो बोलेल.

देवाशी किती सौदे केले. म्हटलं हात घे, पाय घे. डोळे घे, मी त्याला हाताला धरून कंपनीच्या गेटपर्यंत सोडीन. पण श्वास राहू दे. मग वाटलं कान पण घे, आणि लगेच म्हटलं नको, कान नको. कारण त्याची सगळी किंमत कानातच होती. अडीचशे धागे एका मशीनवर, आवाज असा की शेजारच्याचं ऐकू येत नाही, आणि हा लांबून उभा राहून सांगायचा, त्या टोकाला धागा तुटला. जाऊन बघा तर तुटलेला. सुपरवायझर नव्या पोरांना सांगायचा, चिंधाभाऊचे कान पगारावर आहेत.

त्याचं नाव चिंधा का, ते पण सांगते. त्याच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून हा झाला तेव्हा आईनं त्याला शेजारच्या पुतळाबाईच्या ओटीत टाकला आणि एक चिंधी देऊन परत विकत घेतला. म्हणजे मरणाला वाटावं, चिंधीच्या भावाचं पोर, नेऊन काय करायचं. मी तेव्हा सात वर्षांची होती. चिंधी माझ्याच जुन्या परकराची होती. चौतीस वर्षं पुरली ती.

दुर्गानं त्या दिवशी त्याच्या वाटच्या पण भाकरी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो सापडला. खूप खाली, कालव्याच्या जाळीपाशी. आमची वापीहून गाडी दुपारची होती, पिशव्या भरून ठेवलेल्या. नवनाथ फोनवर म्हणाला, "आक्का, निघू नका. इथे पोहोचायला तुम्हाला परवा होईल, तोवर ठेवता येणार नाही. काय करू, तुम्ही सांगा." दुर्गा फोन हातात घेईना. मीच म्हटलं, "तिथेच दे अग्नी. तूच दे." पाणी पण मीच सांगितलं, अग्नी पण मीच सांगितला. तोंड नाही बघितलं. अजून कधी कधी वाटतं दुसराच कोणीतरी असेल तो.

दोघं चिंधाची बॅग घेऊन परत आले. संजू माझ्यासमोर येईचना, रस्त्यात दिसला की दुसऱ्या गल्लीत वळायचा. नवनाथ रोज यायचा, बसायचा, पण कॅनचं विचारलं की म्हणायचा, "आक्का, राहू द्या ना आता." दुर्गा पण म्हणाली, "कशाला विचारता?" कशाला म्हणजे? मला झोपता येत नव्हतं म्हणून.

तेराव्याच्या सकाळी माणसं यायच्या आधी नवनाथ आला. हातात तो पांढरा कॅन. भरलेला. माझ्या पुढ्यात ठेवला आणि खाली बसला.

मी म्हटलं, "त्यानं भरला होता?"

तो म्हणाला, "खोटं सांगायचं ठरवून आलो होतो, आक्का. नाही जमत."

मग त्यानं सगळं सांगितलं. तिघं खडकांवर बसले होते. पाणी घोट्याएवढं. एक म्हातारा काठावरून ओरडला, भैया निकल आओ, पानी बढ़ेगा. हे दोघं निघाले. चिंधा कॅन घेऊन पुढच्या खडकावर गेला. म्हणाला, "अजून भोंगा कुठे वाजला? भोंगा वाजल्यावर पाणी यायला टाइम लागतो. आक्काला आतलं पाहिजे."

राखोलीला तसंच आहे ना. धरणाचं पाणी सोडायचं असलं की भोंगा वाजतो. मग गोधड्या गोळा करायच्या, पोरांना हाका मारायच्या, आरामात वर यायचं. चिंधा तिकडे भोंग्याकडे कान लावून उभा होता.

"आवाजच नाही झाला, आक्का," नवनाथ म्हणाला. "आधी त्याची चप्पल वाहत गेली. संजू हसला, तुझी पण सुटली का रे म्हणून. चिंधा पण हसला. तेवढ्यात कंबरेला आलं."

"आणि कॅन?"

"रिकामा आमच्याकडे वाहत आला. अग्नी दिल्यावर मी भरला. मला आत जायची हिंमत नाही झाली. काठाचंच आहे ते."

तो रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, तू आत नाही गेलास ते बरं केलंस. मग आत जाऊन काचेचा ग्लास आणला. कॅनचं झाकण घट्ट बसलं होतं, दुर्गानं येऊन उघडलं. ग्लासात ओतलं आणि दारात उजेडाला धरलं. कचरा नाही, फेस नाही, खाली गाळ पण नाही. ग्लासापलीकडे तेजू उभी होती, गळ्यात लाल माळ, ती पूर्ण दिसत होती.

"आत्या, मला," ती म्हणाली.

मी तिच्या हातावर चमचाभर दिलं.