जानरावांची जंगलाची बॅग

जानराव मलकापुरात कापसाच्या गाठी भरणाऱ्या टोळीचे मुकादम होते. त्यांनी बांधलेला ट्रक कलकत्त्यापर्यंत गेला तरी दोर ढिला पडत नाही, असं ड्रायव्हर लोक सांगायचे. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका भरलेल्या ट्रकवर उभं राहून ताडपत्री ओढताना त्यांचा पाय घसरला आणि ते पाठीवर पडले. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

मी त्यांची शेजारीण. आमची भिंत एकच आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे गल्लीत सगळे मला शरयू मॅडम म्हणतात, जानरावही. पहिली दोन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मग एके सकाळी एक ड्रायव्हर आपला ट्रक घेऊन थेट आमच्या गल्लीत आला. हायवेवर त्याचा माल एका बाजूला कलला होता आणि पुढं जायची त्याची हिंमत होत नव्हती. जानरावांना चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि तिसरा थर उलटा लागला आहे असं सांगितलं. थर बदलल्यावर ट्रक सरळ उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून ते जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसायला लागले. टोळी आता त्यांचे जुने जोडीदार पंजाबराव चालवतात, पण जानरावांनी मान हलवल्याशिवाय दोराची शेवटची गाठ मारली जात नाही.

म्हणजे माणूस परत कामाला लागला होता, हसत होता, भांडतही होता. फक्त मलकापूर सोडून ते कुठं जात नव्हते. गाव सोडायचं ते दवाखान्यासाठीच. अकोला, नागपूर, पुन्हा अकोला.

त्यांची मुलगी प्रेरणा चंद्रपूरला बँकेत आहे. डिसेंबरात तिचा फोन आला. तिकडच्या जंगलाजवळ एक मुक्कामाची जागा आहे, तिथं खुर्चीसकट आत जाता येईल अशी सफारीची गाडी आहे, असं तिला कळलं होतं. ती नुसत्या फोनवर विसंबली नव्हती. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन स्वतः जाऊन आली होती. फोन आला तेव्हा मी जानरावांजवळच बसले होते, म्हणून मला हे बोलणं जसंच्या तसं आठवतं. जानरावांनी वाघाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"न्हाणीचा दरवाजा केवढा हाय?"

"छत्तीस इंच, बाबा."

"अन् माही खुर्ची?"

"सव्वीस."

"मंग येतो," ते म्हणाले आणि फोन गोजरबाईंच्या हातात दिला.

गोजरबाई म्हणजे त्यांची बायको. जायला महिना होता, पण त्यांची तयारी त्याच संध्याकाळी सुरू झाली. प्रेरणा फोनवर सांगायची आणि मी यादी लिहायची, असं ठरलं. यादीत रंगांपाशीच आम्ही अडलो. जंगलात भडक कपडे चालत नाहीत, मातकट किंवा हिरवट हवेत, असं प्रेरणाने सांगितलं. गोजरबाईंनी साड्यांचं कपाट उघडलं. पोपटी, राणी, लाल, पिवळी, आणखी एक लाल. सगळ्यात खाली एक मातीच्या रंगाची साडी निघाली. कुणाच्या तरी लग्नात नणंदेकडून आहेर म्हणून आलेली, आणि त्या आहेरावरून त्या नणंदेशी वर्षभर बोलल्या नव्हत्या. ती साडी अंगावर धरून त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की वाघासाठी इतकं करू, बाकी कोणासाठी ही नेसले नसते.

जानेवारीतली थंडी ही खरी काळजी होती. उघड्या गाडीत पहाटेचा वारा पायाला लागतो, आणि जानरावांच्या पायांना गार-गरम काही कळत नाही. पाय गारठून निळे पडले तरी त्यांना पत्ता लागणार नाही. म्हणून गोजरबाईंनी दोन जोड्या लोकरीचे मोजे आणले आणि सरकी काढलेला नवा कापूस भरून एक लहानशी रजई शिवली, मांडीपासून पावलांपर्यंत पुरेल एवढी. खुर्चीवरची हवेची गादी, तिचा पंप, पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब, पाना, चाकं ढकलताना घालायचे हातमोजे, हे जानरावांनी स्वतः सांगितलं. माझ्या भावाची दुर्बीण मी देऊन आले.

जायच्या आदल्या दुपारी मला बोलावणं आलं. गोजरबाईंची बॅग भरून झाली होती. जानरावांनी ती पलंगावर ठेवायला लावली, चेन उघडली आणि आत पाहत राहिले. वर दोन पांढऱ्या चादरी. त्याखाली स्टीलचा पेला, थर्मास, चमचा, बिस्किटांचे पुडे, जुन्या लुगड्याची फडकी. एका बाजूला रिपोर्टांची जाडजूड फाईल.

"हे दवाखान्याचं सामान हाय, गोजर," ते म्हणाले. "आपण जंगलात जाऊन राह्यलो."

 गोजरबाईंनीही वाकून बॅगेत पाहिलं. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, माह्या हाताले दुसरी बॅगच मालूम नाई."

मला वाटलं, आता रडतील. पण जानराव हसायला लागले. मोठ्याने नाही, खांदे हलतील इतपत. थोड्या वेळाने गोजरबाईही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले.

"काढ सारं," जानराव म्हणाले. "लागते ते वर, नाई लागत ते घरी."

मग त्यांनी ती बॅग स्वतः भरली. मी आयुष्यात इतकी सुंदर भरलेली बॅग पाहिली नाही. जड सामान बॅगेच्या चाकांच्या बाजूला खाली गेलं. कपडे घट्ट गुंडाळून फटींमध्ये बसले. लघवीच्या नळ्या, पॅड आणि गोळ्यांना पर्याय नव्हता, पण त्यांची वेगळी छोटी पिशवी झाली आणि ती खुर्चीच्या पाठीला लटकली. चादरी आणि पेला परत कपाटात गेला. फाईलवरून मात्र दोघांचं जुंपलं. ती नेली नाही आणि नेमकं काही झालं तर, असं गोजरबाईंचं म्हणणं. शेवटी मी सगळ्या कागदांचे फोटो काढून त्यांच्या मोबाईलमध्ये टाकले, तेव्हा त्या फाईल सोडायला तयार झाल्या. रिकाम्या झालेल्या जागेत काय भरायचं, असा प्रश्न उरला. जानरावांनी सांगितलं की ती जागा तुझी. गोजरबाईंनी विचार करून राणी रंगाची साडी आत ठेवली. जंगलात नाही तर नाही, संध्याकाळी जेवायला नेसेन म्हणाल्या.

सकाळच्या गाडीला पंजाबराव चार हमालांना घेऊन स्टेशनवर हजर होते. कोणी बोलावलं नव्हतं. दिव्यांगांचा डबा अगदी टोकाला येतो, तिथं पाचही जण अर्धा तास आधीपासून उभे. गाडी लागताच त्यांनी खुर्चीसकट जानरावांना उचललं. जानराव हवेतच सूचना देत होते, डावी बाजू वर घ्या, पुढचं चाक सांभाळा, आता सरळ.

"भाऊ, गाठीले तं तोंड नसते," पंजाबराव धापा टाकत म्हणाले. डब्यातले लोक हसले आणि गाडी हलली.

पुढचं मी तिघांच्या तोंडून ऐकलं, आणि तिघांनीही ते वेगवेगळं सांगितलं.

पहिल्या पहाटे सफारीची गाडी दारात लागली. ड्रायव्हर आणि वाटाड्या सवयीने जानरावांना उचलायला पुढे आले. प्रेरणाने त्यांना थांबवलं. गाडीच्या मागून लांबलचक उतार खाली सोडलेला होता. जानरावांनी हातमोजे चढवले, चाकांवर हात ठेवले आणि पाच-सहा धक्क्यांत वर गेले. वर गेल्यावर त्यांनी खुर्ची वळवून खाली पाहिलं. "नऊ वर्षांत मी बाबांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं," प्रेरणा मला म्हणाली. 

मग ड्रायव्हर खुर्ची पट्ट्यांनी बांधायला लागला. तिथं मुकादम जागा झाला. त्यांनी चारही पट्टे ओढून पाहिले आणि मागचा एक सोडायला लावला. "चाकाले नको अडकवू, सांगाड्याले अडकव. चाक फिरलं का पट्टा ढिला होते." ड्रायव्हरने पाहिलं आणि मुकाट्याने पट्टा बदलला. दुसऱ्या दिवशी त्याने चारही पट्टे आधी जानरावांकडून तपासून घेतले.

त्या दिवशी वाघ दिसला नाही, पण जानरावांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना रानगवा दिसला होता. काळा, रुंद, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तो रस्त्याकडेला चरत होता आणि जानराव त्याच्याकडे जुन्या नजरेने पाहत होते. खालच्या आवाजात त्यांनी वजनाचा अंदाज सांगितला, आठ क्विंटलच्या वर, नऊच्या आत. वाटाड्या चकित झाला. तोही तेवढंच सांगणार होता.

दुसऱ्या सकाळी एका नाल्याजवळ वानरं ओरडायला लागली आणि गाडी थांबवली. जानराव दुर्बीण लावून उजवीकडच्या बांबूंत शोधत होते. गोजरबाई डावीकडे बसल्या होत्या, मातीच्या साडीत, मांडीवर हात ठेवून. वाघ डावीकडून निघाला. हाकेच्या अंतरावर, अगदी निवांत, रस्त्यावर येऊन उभा राहिला.  गोजरबाईंनी शेजारी रजईखाली हात नेला आणि जानरावांच्या मांडीला जोरात चिमटा काढला. जानराव उजवीकडेच पाहत राहिले. गोजरबाईंनी दुसरा काढला, आणखी जोरात. काही नाही. तिसऱ्या चिमट्यानंतर त्यांनी दोन्ही हातांनी नवऱ्याचं डोकं धरून वळवलं, तेव्हा वाघाचा मागचा भाग आणि शेपूट गवतात शिरत होतं.

शेपूट गेल्यावर गोजरबाईंच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्यांनी तोंडावर पदर दाबला. जानरावांना कळायला थोडा वेळ लागला, मांडीवरची रजई चुरगळलेली पाहून त्यांनी विचारलं, आणि ऐकल्यावर इतके हसले की वाटाड्याला ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करावं लागलं. गप्प झाले तरी गाडी जंगलाच्या फाटकाबाहेर येईपर्यंत खुर्ची हलत होती म्हणे.

परत आल्यावर जानरावांनी मला हे सांगितलं तेव्हा ते जिनिंगच्या फाटकाशी जायच्या तयारीत होते. सांगताना मध्येच थांबले. "मॅडम, अर्धा वाघ गेला तं गेला," ते म्हणाले. "पण तिले विसर पडला. नऊ वर्षांत पह्यल्यांदा."

मांडीवर दोन दिवस निळे डाग होते. गोजरबाई त्यावर तेल लावायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. जिनिंगच्या फाटकावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ट्रक उभे राहायचे, ड्रायव्हर उतरून यायचे, आणि पंजाबराव वैतागून सांगायचे की गवा कितीचा होता ते सगळ्यांना समजलं आहे, आता थर लावा. गोजरबाईंनी वाघ पूर्ण पाहिला होता, त्यामुळे घरी वाघाबद्दल बोलायचा हक्क त्यांनी स्वतःकडेच ठेवला आहे. हल्ली त्या प्रेरणाला फोनवर समुद्राबद्दल विचारतात. वाळूत चालणारी रुंद चाकांची खुर्ची असते, असं तिने सांगितलं आहे. जानरावांनी त्या चाकांची रुंदी मागवली आहे.