वीस वर्षं मागितली असती

ऑफिसातल्या मालिकावेड्यांनी डबे उघडले की माझं डोकं उठतं. कालच्या भागात म्हणे नायकाने भावाच्या जिवासाठी सैतानाला आत्मा विकला.

"बदल्यात भावाला दहाच वर्षं? मी वीस मागितली असती," कुलकर्णीबाई म्हणाल्या.

"करार आधी वाचायचा ना!" जोशींनी अक्कल पाजळली.

आत्मा विकायला सैतान लागतो, असं यांना वाटतं. सोमवारी याच टेबलावर डब्यांवरून एक कागद फिरला. साहेबांविरुद्ध तक्रार करणाऱ्या सावंतबाई खोटारड्या आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. त्या खरं बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी घास चावत सगळ्यांनी सह्या ठोकल्या, काहीही न मागता.

सावंतबाईंची खुर्ची आज रिकामी आहे. त्या कागदावर एका सहीला लोणच्याचं तेल लागलंय. ती सही माझी.