राजाचं राहून गेलेलं वाक्य

सन १९५८. मी चोवीस वर्षांचा होतो. शिक्षण दुसरीपर्यंत, तेही शिक्षकाशी भांडून सोडलेलं. हिवरखेडच्या बाजूला आमचा भाजीचा मळा होता. घर एक, विहीर एक, पण दोन वर्षांपासून चुली दोन.

भांडण वांग्यांवरून झालं. बाजारात दिवस मावळला, उरलेली वांगी मलूल पडली, म्हणून मी ती मिळेल त्या भावानं देऊन टाकली. थोरला भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "याले काय भाव समजते? आयत्या भाकरीवर पोसलेला आहे हा." मी हातातला तराजू तिथंच ठेवला आणि घरी येऊन चूल वेगळी केली. निरोप धाडला, चार लोकांत बोलला, आता चार लोकांतच घरी बोलवावं. उलट निरोप आला, "मी थोरला. मी काहून बोलवू?"

हे निरोप ने-आण करणारी आमची माय. सकाळची भाकर ती त्याच्याकडे खायची, संध्याकाळची माझ्याकडे. आपला पितळी लोटा घेऊन आंगण ओलांडायची आणि दोन्हीकडे एकच म्हणायची, "मरायच्या आंधी एका चुलीवरचं खाऊ द्या रे मले."

त्या वर्षी गावानं नाटक बसवलं. त्यातला राजा एका शब्दावरून सख्ख्या भावाला घालवून देतो. पुढं शत्रू येतो, तोच भाऊ राजासाठी लढतो आणि घायाळ होऊन त्याच्या पायाशी पडतो. तेव्हा राजा म्हणतो, "चूक माझी झाली. घरी चल." पण भाऊ मरतो आणि राज्यही जातं.

शाळेच्या मास्तरांनी राजा दादाला केलं आणि भाऊ मला. कशासाठी, ते गावाला कळत होतं. चार लोकांऐवजी सारं गाव पुढं बसणार होतं. माझी अट पुरी होत होती, म्हणून मी हो म्हटलं. दादा मुकुटासाठी तयार झाला.

त्याला वाचता येत नव्हतं. मास्तर वाचत आणि तो ऐकून पाठ करी. आवाज खणखणीत. पण ते एक वाक्य आलं की हात हलवायचा. "थे येते मले. पुढं चला, मास्तर."

मास्तर सांगत, "राजा वाईट नाही. त्याला एकच खोड आहे. तोंडातून गेलेला शब्द तो मागे घेत नाही. त्या खोडीपायी सगळं बुडतं." मला ते पटत नव्हतं. शब्द मागे घेणारा तो कसला राजा, असं मी तोंडावर म्हणालो. दादानं मान हलवली. दोन वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

नाटकाच्या दिवशी सकाळीच मायनं माझ्या घरचं पीठ नेऊन त्याच्या डब्यात ओतलं. आता एकच चूल पेटणार होती. रात्री ती सर्वांच्या आधी जाऊन अगदी पुढं बसली.

दोन बैलबंड्या जोडून वर फळ्या टाकल्या होत्या. पडदे अमरावतीहून भाड्यानं आणलेले. मी छातीवर कुंकवाचं पाणी लावून दादाच्या पायाशी पडलो. पडद्यामागून मास्तरांनी वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं.

"अबे राजा, दातखीळ बसली का?" मागून कोणी ओरडलं. लोक हसले.

दादा खाली वाकला. मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाला, "एकडाव दादा म्हन. मंग बोलतो."

मी म्हटलं, "पुस्तकात पयले तुह्यं वाक्य आहे."

माय उभी राहून मला म्हणाली, "बापू, त्याच्या बदली मी म्हंतो. चाल घरी."

मी डोळे मिटून घेतले. त्या प्रवेशात मला मरायचंच होतं. फळ्यांवरून दादाची पावलं दूर गेली, मग पडदा पडला. मागच्या बाजूला बसलेल्यांना ते नाटकच वाटलं. काही बाया रडत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात माय गेली, दोन चुलींवरचंच खाऊन. मोटेच्या पाळीवरून आम्ही भांडत राहिलो आणि तेवढ्यात मळा वाळला. तो विकून दादा अमरावतीला हमाली करायला गेला, मी अकोल्याला सरकी-कापसाच्या कारखान्यात. तिथं लोक मला गाव विचारायचे. भाऊ आहे का, असंही विचारायचे. मी नाही म्हणायचो.

पण हे सारं मागाहून झालं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपलं घेऊन आंगण ओलांडलं आणि दादाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून आमचं पीठ मागितलं. माय जात्यापाशी बसली होती, तिनं वर पाहिलं नाही. वहिनीनं पीठ घातलं, आमचं होतं त्याहून चांगलंच जास्त. ते जास्तीचं मी ओंजळीनं काढून त्यांच्या डब्यात परत टाकलं आणि घरी येऊन चूल पेटवली.