जिभेला चावणारं पान

नातवंडांनो,
आजोबांच्या वाढदिवसाला पाइपची कोणती तंबाखू पाठवू, असं काल फोनवर तुम्ही विचारलंत. ते शेजारीच होते, म्हणून मी विषय बदलला. उत्तर आता लिहिते: कोणतीच नको. का, ते तुम्हाला कळायला हवं.

आजोबांची सगळी नोकरी बियाण्यांच्या कंपनीत गेली. तंबाखूही ते पानाच्या जातीवरून निवडत. व्हर्जिनियाचं पान पिवळसर, गोड, वाळल्या गवताच्या वासाचं. बर्लीचं तपकिरी, कोरडं. त्याला स्वतःची गोडी नाही, पण व्हॅनिलाचा वास दिला की धरून ठेवतं. जुन्या पेपरवर दोन्ही पसरून ते मिसळत. व्हर्जिनिया नेहमी जास्त.

दिवाळीनंतर मात्र व्हर्जिनियाचा डबा तसाच भरलेला दिसू लागला.

"अहो, हे का सोडलं?"

"जिभेला चावतं गं. त्यात साखर जास्त, गरम जळतं. पानाचाच दोष."

तसं होतं खरं. पण पुढे बर्लीही सुटली. नुसतं काळं, वाफवलेलं कॅव्हेंडिश पाइपमध्ये जाऊ लागलं, सगळ्यात सौम्य. आणि एका दुपारी ताटात ठेचा तसाच राहिला. ठेच्यात तंबाखू नसते.

मी टॉर्च आणला. "तोंड उघडा."

"मास्तरीणबाई, तुमच्या वर्गात न्हाई मी."

"उघडा म्हणते ना."

"मंग बघ की. काही न्हाई बिलकुल."

जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता, मधे लाल. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पोरांना सांगू नको." म्हणजे त्यांनी तो आधीच आरशात पाहिला होता.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत ते डबे उघडत, एकेक पान हुंगत, झाकण लावत. पेटवलं नाही. मी स्वयंपाकघरातून झाकणांचे आवाज ऐकत राही.

"बर्लीनं न्हाई केलेलं हे," एकदा म्हणाले.

"कोणत्या का पानानं असेना, जीभ एकच आहे तुमची," मी म्हटलं.

कॅन्सरच निघाला, पण पसरलेला नव्हता. जिभेची कड कापावी लागली. त्या दिवसांत तुम्हाला "आजोबांचा घसा बसलाय" सांगितलं, तो घसा नव्हता.

आता 'र' अडखळतो, तिखट सोसत नाही. गोड, आंबट, खारट कळतं. त्यांचं बोलणं आपल्याला समजतं. बाकी जीभ शाबूत आहे.