एका बाजूनं गुळगुळीत शिवराई

जालन्यात माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. तिथं मी फार शहाणी बाई असते. कापडाला कात्री लावण्याआधी माप परत घेते, कापड उलटसुलट करून बघते, गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर त्यालाच बसवून पाणी पाजते. पण जुनं तांब्याचं नाणं नजरेला पडलं की हा सगळा शहाणपणा कुठं जातो कोण जाणे. हात आधी पोचतो, डोळे मागून येतात आणि अक्कल घरी आल्यावर. आमचे हे म्हणतात, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण करणाऱ्यानं तुला बघितलं नव्हतं, नाहीतर नवऱ्याचं नाव घेतलं नसतं."

हा नाद लागला एका बंडीपायी. एका बाईंनी त्यांच्या सासऱ्यांची जुनी बंडी आणली होती, उसवून त्यातून काही होतं का ते बघायला. अस्तर उसवताना आतून निजामाच्या काळातला तांब्याचा पैसा निघाला. खिशातून पडून आत गेलेला नव्हता, चारी बाजूंनी टाके घालून पक्का शिवलेला होता. बाई म्हणाल्या, राहू द्या तुम्हालाच. त्यावरची अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण टाके वाचता येत होते. ते घाईघाईत, अंधुक उजेडात घातलेले टाके होते. कोणापासून लपवला असेल त्यांनी हा पैसा? चोरापासून की बायकोपासून? त्या दिवशी माझं दुसरं काम झालं नाही.

मग मी बाजार हुडकायला लागले. सुरुवातीला जे दिसेल ते घ्यायची. एका बाजारात दोन शिवराया मिळाल्या, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', अगदी ठसठशीत. त्या मुठीत धरून मी एस.टी.त बसले तेव्हा अख्खी गाडी आपल्याकडंच बघतेय असं मला वाटत होतं. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवल्या तर 'श्री'च्या खाली एक बारीक खड्डा. पहिल्यावरही आणि दुसऱ्यावरही, त्याच जागी, तेवढाच. एका साच्यातून ओतलेली भावंडं होती ती. हातानं ठोकलेली दोन नाणी कधी सारखी निघत नाहीत, एकाची अक्षरं डावीकडं सरकतात, दुसऱ्याची कडेवरून बाहेर जातात. एवढं मला त्या फसवणुकीनं शिकवलं. कुठल्याही पुस्तकात वाचून ते इतकं पक्कं बसलं नसतं.

दुसऱ्या वेळी नाणं खरं होतं, खोटी मी निघाले. आमच्याकडं सणाच्या आदल्या दिवशी देवाची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासायची रीत आहे. कलश घासला, ताम्हन घासलं आणि त्याच हातानं मी शिवराईपण घासली. लख्ख झाली. इतकी लख्ख, की काल टांकसाळीतून आल्यासारखी गुलाबी दिसायला लागली. तिच्या अंगावरचा काळपट-हिरवा रंग जमायला किती पिढ्या गेल्या असतील, आणि मी तो चिंचेच्या एका गोळ्यानं उतरवला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी मात्र पुढच्या बाजारी परत दूधच प्यायला निघाले.

आष्टीला माझी नणंद राहते, तिच्या निमित्तानं मी तिथल्या बाजाराला जाते. मोडीची भांडी घेणारा एक भाई तिथं गोणपाट टाकून बसतो. गळके हंडे, चेपलेले तांबे, कान तुटलेली घंगाळं, आणि त्यांच्यात कधीमधी एखादं नाणं. त्या दिवशी त्याच्या पुढ्यातल्या एका पातेल्यात मला एक शिवराई दिसली. वरच्या बाजूला 'श्री राजा शिव' स्पष्ट. उलटी केली तर काहीच नाही. एक अक्षर नाही, एक ठिपका नाही. पार आरशासारखी गुळगुळीत. एकाच बाजूला छाप उठलेलं नाणं! टांकसाळीत चुकलेलं! असं नाणं मिळावं म्हणून लोक जन्मभर फिरतात. "मॅडम, बराबर बघून घ्या," भाई म्हणाला. मी कसली बघतेय! त्यानं सांगितलं तेवढे दिले आणि उठले.

नाणी जमवणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री फोटो टाकला. लोकांची नुसती झुंबड उडाली. कोणी अभिनंदन केलं, कोणी बदल्यात दोन नाणी देऊ म्हणालं. मी फुगले. दोन दिवस फुगलेलीच होते, मग दुकानात फॉल लावता लावता ते नाणं काढून उजेडात धरलं आणि हवा हळूहळू जायला लागली.

माझा धंदाच झिजलेल्या कापडाचा आहे. सलवार कुठं विरलीय ते बघून बाई गाडी चालवते की दिवसभर मांडी घालून बसते, ते मी सांगते. या नाण्याच्या गुळगुळीत अंगावर बारीक रेघा होत्या आणि त्या सगळ्या गोल फिरलेल्या होत्या. नाणं एका कडेला जरा पातळ होतं, म्हणजे दाब त्याच कडेवर पडायचा. हे काही टांकसाळीत चुकलेलं नव्हतं. कुणीतरी हे नाणं कशावर तरी गोल गोल घासत होतं, पुष्कळ वर्षं, एकाच ढबीनं. पण कशासाठी? छाप पुसायचा होता म्हणावं तर दुसरी बाजू कशाला ठेवली? स्वयंपाक करताना, झोपताना, गिऱ्हाइकाचं माप घेताना माझ्या डोक्यात तेच. आता मला नाण्यापेक्षा ते घासणारं माणूस हवं होतं.

पुढच्या बाजारी भाईकडं गेले, तर त्यानंच हात वर केला.

"मॅडम, आल्या ते बरं झालं. त्या शिवराईमागं एक बाई दोनदा येऊन गेली. रडून राह्यल्ती. मी म्हणलं, जालन्याच्या मॅडम आल्त्या, त्या घेऊन गेल्त्या. तुमचा पत्ता मला बिलकुल मालूम न्हाई, काय सांगू?"

"कशाला पाहिजे होती तिला?"

"ते न्हाई बोलली. घर दाखवतो, तुम्हीच इचारा."

खरं सांगते, एकदा मनात आलं की गुपचूप जालन्याची गाडी धरावी. कायदेशीर विकत घेतलेलं नाणं होतं ते, आणि माझ्याकडचं सगळ्यात नवलाईचं. पण गाडी धरली असती तर ते कशासाठी घासलं हे मला कधीच कळलं नसतं, आणि तेवढं सहन करायची माझ्यात ताकद नव्हती. म्हटलं, आधी माहिती काढू, मग नाण्याचं बघू.

दार भाईकडं रडून गेलेल्या त्या बाईनंच उघडलं, ती या घरची सून. माझ्या हातातलं नाणं बघून तिचा चेहरा उतरला की उजळला ते मला कळलंच नाही. तिनं मला हाताला धरून न्हाणीच्या बाजूला नेलं.

"हळू बोला, ताई. आत्याबाईला मालूम न्हाई." आत्याबाई म्हणजे तिची सासू. "गळका हंडा मोडीला दिला म्या. हंड्यात तांब्याची वाटी व्हती, वाटीत ह्यो पैसा. बघितलंच न्हाई. आत्याबाईनं समदं घर उलटं केलंय, पिठाचे डबेसुद्धा रिकामे केले. मला भ्या वाटलं, बोललेच न्हाई. तुम्ही द्या, मी सहाणेमागं ठिवून देते. त्यांना घावल्यावानी व्हईल."

मी लगेच हो म्हटलं. युक्ती चांगली वाटली. ना कुणाची बोलणी, ना रडारड. पण नाणं तिच्या हातात द्यायच्या आत ओसरीतून हाक आली, "कोण आलंय गं?" आणि नाणं पर्समध्ये टाकून मला सासूच्या बाजेशेजारी जाऊन बसावं लागलं. नाणी जमवते, असं मी सांगितलं.

म्हातारी हसली. "मंग आमचा पैसा बघायला पाह्यजे व्हता तुम्ही. एका अंगानं खरबरीत, दुसऱ्या अंगानं लोण्यावानी. नायट्याचा पैसा म्हणायचे त्याला. सहाणेवर लिंबू पिळायचं, त्यात पैसा घासायचा, हिरवं पाणी निघतं, ते नायट्याला लावायचं. माझी सासू घासायची, तिच्या आधी तिची सासू. मी आले तवा खालून थोडी अक्षरं दिसत व्हती. ती माझ्याच हातानं गेली."

म्हणजे 'छत्र पति' ही अक्षरं या घरच्या सासवांनी गावाच्या नायट्यापायी सहाणेवर उतरवली होती. मी विचारत सुटले. लिंबू कच्चं की पिकलेलं? कोणत्या बोटांनी धरायचा? तिनं रिकाम्या हवेत हात फिरवून दाखवला, अंगठ्याचा जोर एका कडेवर, आणि तीच ती पातळ कड. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते.

तिचा फिरणारा हात मध्येच थांबला.

"पर हरवला म्या. वाटीत ठिवला आसं वाटतंय, पर वाटीबी घावंना, खरं काय ते आठवतच न्हाई. सहाणेमागं कितींदा पाह्यलं. डोकं जाऊन राह्यलं, माय, माझं. माझ्या आईचं असंच सुरू झाल्तं. आधी चावी इसरली, मंग चुलीवरलं दूध, मंग आम्ही. मरताना मला वळखलं न्हाई तिनं. मी रोज पडल्या पडल्या नातवंडांची नावं घेऊन बघते. अजून येत्यात. किती दिस येतील काय म्हाईत."

सून चहा घेऊन दारात उभी होती. डोळ्यांनीच मला सहाणेकडं खुणावत होती. आणि मला एकदम लख्ख दिसलं की आम्ही दोघी काय करायला निघालो होतो. जिथं तिनं कितींदा बघितलं, तिथंच उद्या पैसा सापडला असता. मग आपलं डोकं जाऊन राहिलंय याबद्दल तिला उरलीसुरली शंकाही राहिली नसती.

मी पर्स उघडली आणि नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं बघितलंसुद्धा नाही. अंगठा फिरवला आणि ओळखलं.

"कुठं घावला?"

"मोडीवाल्या भाईकडं. मी विकत घेतला होता."

"बाजारात? बाजारात कसा गेला?"

मी सुनेकडं बघितलं. यापुढचं सांगायचा हक्क माझा नव्हता. सुनेनं कपबशा खाली ठेवल्या.

"आत्याबाई, म्या दिला. हंड्यासंगं. वाटी आत व्हती, म्या पाह्यलंच न्हाई. मंग भ्याले."

म्हातारी बाजेवर सरळ होऊन बसली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"म्हंजे वाटीतच व्हता?"

"वाटीतच व्हता."

"मी ठिवल्ता तिथंच?"

"तिथंच."

"मी न्हाई हरवला?"

"न्हाई, आत्याबाई."

तिनं पदर तोंडाला लावला. आधी रडली, मग हसली, मग सुनेला अशी काही मोकळी शिवी दिली की सूनही रडता रडता हसायला लागली. "भवाने, इतके दिस माझा जीव टांगणीला लावलास!" म्हणाली, पण तिचा हात मात्र घट्ट धरून ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

मग तिनं नाणं माझ्याकडं सरकवलं. "घेऊन जा, माय. मला काय करायचा? नायट्याला आता मलम भेटतंय."

मी हात पुढं केला नाही. विचार करून सांगते, म्हटलं. नाण्यापुढं बसून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोलत होते, पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती बाजेवरून उठून भिंतीपाशी गेली होती आणि टाचा उंचावून शेजारणीला हाका मारत होती, "आगं, ऐकलं का? सुनेनं इकला! म्या न्हाई हरवला!"