पोपटी ओळखणारी

काल संध्याकाळी बांधावर नातवंडांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेले मडके उपडे ठेवून त्यांनी भोवती पेंढा पेटवला. काही वेळाने धाकट्या नातीने तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि ऐकण्यासाठी मान कलती केली.

"पोपटी ओळखावी ती अप्पांनीच!" माझा धाकटा भाऊ वसंत म्हणाला.

अप्पा म्हणजे आमचे वडील. हे वाक्य आमच्या घरात इतके मुरले आहे की आता कोणी ते तपासतही नाही. मला ते साफ नामंजूर आहे. अप्पांना धीर नव्हता. त्यांनी घाईने उघडलेल्या मडक्यांतल्या कच्च्या शेंगा मी स्वतः चावल्या आहेत. शिजल्याचे ओळखत असे ती नऊ वर्षांची आमची इंदूताई. थेंब चर्रकन आटला नाही, तर ती म्हणे, "अजून नाही, अप्पा. बसा खाली." आणि ज्यांच्यासमोर आम्ही मोठ्याने बोलत नसू, ते अप्पा मुकाट्याने बसत.

"मग विचार ना ताईलाच," वसंत म्हणाला.

ताई शेजारीच खुर्चीवर बसली होती. शाल सावरत ती हसली. "अरे, अप्पाच ओळखायचे. मी आपली पाणी शिंपडायची."

स्वतःचे श्रेय घरातल्या पुरुषांच्या पानात वाढण्यात तिचे आयुष्य गेले. ताईविषयी मला नितांत आदर आहे. परंतु या एका बाबतीत तिची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.